चौदाव्या ओळीतली पाच माणसं

मुकादमकाकांच्या हातून आठ वर्षांत एकच चूक झाली. ती तपासायला माझ्याकडे आली, मी ती पकडली आणि तशीच सोडून दिली. गेल्या गुरुवारी ती पुन्हा माझ्या पुढ्यात येऊन बसली, म्हणून हे लिहितेय. नाहीतर दिवसभर स्क्रीनकडे बघून घरी आल्यावर आणखी काही लिहायचं त्राण माझ्यात उरत नाही.

आमचं ऑफिस दोह्यात, बिन महमूदला. दुसरा मजला, खाली मलबारी हॉटेल, त्यामुळे अकरा वाजल्यापासून सगळ्या अमेरिकेला परोट्याचा वास. अमेरिका म्हणजे आमचं काम. तिकडच्या एका संस्थेकडे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांतल्या बातम्यांची फिल्म पडून आहे. सुनावण्या, पत्रकार परिषदा, प्रचारसभा, संप, पूर, पुलांची उद्घाटनं. ती रिळं आता कॉम्प्युटरवर चढवून टप्प्याटप्प्याने आमच्याकडे येतात. आम्ही एकेक तुकडा बघायचा आणि त्यात काय दिसतं ते एका ओळीत लिहायचं. जागा कुठली, माणसं किती, करतायत काय, ओळखीचं कोण. याला लॉग म्हणतात. पुढे कोणाला काही शोधायचं असलं तर तो फिल्म बघत बसत नाही, आमच्या ओळी शोधतो. ओळीत जे नाही ते सापडत नाही, इतका साधा कारभार आहे. मी पहिली दोन वर्षं लॉग लिहायचे, मग मला तपासायला बसवलं. मुकादमकाका शेवटपर्यंत लिहीत राहिले.

अमेरिकेच्या जुन्या बातम्यांची यादी रत्नागिरीचा एक माणूस आणि नाशिकची एक बाई का करतात, हा प्रश्न मला पहिले सहा महिने पडायचा. नंतर पडेनासा झाला.

त्यांचं नाव इसाक मुकादम, गाव रत्नागिरीजवळ, खाडीवरचं. मी रुजू झाले तेव्हा ते साठीला टेकले होते. अंगाने वाळलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात भिंग. त्याआधीची पंचवीस वर्षं दुखानला तेलाच्या कामावर स्टोअरकीपर म्हणून काढलेली. वाळवंटाच्या टोकाला बसून नटबोल्ट मोजणारा माणूस या धंद्यात कसा आला, हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. त्याआधी सांगितलं ते एवढंच, की स्टोअरचा आणि फिल्मचा नियम एकच. शेल्फवर जेवढं दिसतं तेवढं लिहायचं. बंद खोक्यात काय असेल याचा अंदाज लिहायचा नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी ओळ खोडली. एका सैनिकाच्या शवपेटीमागून चालणारी बाई होती. मी इमानेइतबारे लिहिलं होतं, 'दुःखी स्त्री.'

"दुःखी म्हणून तुला कोणी सांगितलं?" काका खुर्ची ओढून बसले.

"काका, नवरा गेलाय तिचा. दिसतंय ना."

"काय दिसतंय? हातात रुमाल, रुमाल तोंडाशी. तेवढं लिही. सर्दी असेल तिला."

मला संताप आला. पदर खोचून भांडायची माझी सवय माहेरचीच आहे. म्हटलं, "तुम्हाला काळीज आहे की नाही?"

"हाय की," ते म्हणाले, "पण ते लॉगमध्ये भरायचं नाय. आपण दुःखी लिहिलं तर बघणाऱ्याला शोधायला काय उरलं? जेवढं दिसतं तेवढं लिही गो." आणि उठून आपल्या टेबलाशी गेले. पुढच्या आठ वर्षांत 'जेवढं दिसतं तेवढं लिही' हे मी इतक्यांदा ऐकलं, की घरी मुलगी काही तक्रार घेऊन आली की माझ्याही तोंडून तेच निघायचं. ती म्हणायची, "Mama, please." तिला मराठी सगळं कळतं, फक्त बोलायचं नसतं.

काकांची दुसरी ओळख म्हणजे बशी. ऑफिसात सगळे कागदी ग्लासातून पितात. काकांचा मात्र निळ्या काठाचा कप आणि बशी. घरून थर्मासमधून कोरा चहा आणायचे, गवती चहा घातलेला. कपातून बशीत ओतायचा, बशी दोन्ही हातांनी उचलायची, फुंकर मारायची, आणि असा भुरका घ्यायचा की आमचा बैरूतचा मॅनेजर काचेपलीकडून मान वर करून बघायचा.

"काका, लोक बघतात."

"बघू देत. कपातला चहा जीभ भाजतो. बशीतला विचारून आत येतो."

त्यांना आजच्या अमेरिकेची काही पडलेली नव्हती. खाली हॉटेलात टीव्हीवर अखंड बातम्या चालू, तिकडचा राष्ट्राध्यक्ष काय म्हणाला, आपल्या या कोपऱ्यात आता काय होणार, जेवणारे घास हातात धरून बघतायत. काका बोटाने सुका जवळा भातात कालवत खाली बघून जेवायचे. एकदा मी विचारलं, काळजी नाही वाटत का? म्हणाले, "हेच मी सकाळी वरती बघून आलो. टेबल तेच, माइक तेच, मूठ आपटणारा तोच. बातमी जुनी होत नाय गो, टोपी जुनी होते."

टोप्यांवर त्यांचा फार जीव. डब्यावर साल लिहिलेलं नसलं की सगळे काकांकडे धावायचे. भिंग काढून ते आधी पुरुषांच्या टोप्या बघायचे, मग मोटारींच्या शेपट्या, मग बायकांच्या झग्यांची उंची. चेहरा सगळ्यात शेवटी. "चेहऱ्याला काय, तो सगळ्या साली सारखाच थकलेला असतो," म्हणायचे. आणि सांगायचे ते साल एखाद्या वर्षाच्या फरकाने बरोबर निघायचं. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत पोचलं की त्यांचा मूड जायचा. "इथून पुढे पुरुषांनी टोप्या काढून ठेवल्या. आता माणूस ओळखायचा कसा?"

आता माझ्या एका चुकीबद्दल सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. एका सुनावणीच्या रिळात माइकशेजारी बसलेल्या माणसाला मी घाईत एका खासदाराचं नाव दिलं. काका म्हणाले होते, दोन पुरावे असल्याशिवाय नाव टाकू नको, नसेल माहीत तर 'अनोळखी' लिही, त्यात कमीपणा नाही. मी ऐकलं नाही. लॉग गेला. अडीच वर्षांनी तिकडून मेल आला. ओहायोतल्या एका बाईने त्या संस्थेला लिहिलं होतं, की तुम्ही ज्याला खासदार म्हणताय तो माझा आजोबा, तो तिथला साधा कारकून होता, आमच्याकडे त्याचा हलणारा एकही फोटो नव्हता, मी दोन वर्षं अंदाजाने त्या सुनावण्या चाळत होते. मॅनेजरने मला झापलं, ते योग्यच होतं. पण काका आठवडाभर हवेत होते. त्यांनी तो मेल छापून घेतला, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. दुपारी मधूनच काढून वाचायचे.

"बघ, कोणीतरी बघत असतं," मला म्हणाले. "तू खोटं नाव दिलंस म्हणून ती दोन वर्षं फिरली. 'अनोळखी, टेबलाशी कारकून' लिहिलं असतंस तर दोन दिवसांत पोचली असती."

मला तेव्हा नवल वाटलं होतं, की परक्या बाईच्या आजोबावर या माणसाने इतकं का खूश व्हावं.

कारण कळलं ते एका ऑगस्टमध्ये. दुपारी हवा अशी दमट होती की मेट्रोपर्यंत चालत जाणं म्हणजे शिक्षा. मी अल सद्दला राहते, काकांची खोलीही तिकडेच, म्हणून म्हटलं गाडीत बसा. सिग्नलला अडकलो होतो. मी सहज विचारलं, "काका, बंदरांची रिळं आली की तुम्ही दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. ते का?"

त्यांनी खिशातलं भिंग काढलं, परत ठेवलं. मग म्हणाले, "माझा बाप बोटीवर खलाशी होता. मी आयच्या पोटात असताना बोट न्यूयॉर्कला लागली. सुटली तेव्हा बाप बोटीवर नव्हता."

"म्हणजे?"

"म्हणजे तेवढंच. कंपनीचं पत्र आलं, दोन ओळींचं. बोट सुटताना हजर नव्हता. गावात निम्मे म्हणाले, गोदीत पाय घसरून बुडाला. निम्मे म्हणाले, उतरून पळाला, तिकडेच राहिला. तेव्हा पुष्कळ पळायचे."

काकांच्या आईचं तेव्हा अठरावं संपत होतं. लोकांनी दुसऱ्या निकाहाचं सुचवलं तर म्हणाली, मी बेवा आहे की बायको ते आधी सांगा. ते कोणालाच सांगता येईना. मग तिने हातातल्या काचेच्या बांगड्या कधी काढल्या नाहीत. त्यांच्याकडे शब्बे-बरातीला हलवा करून घरातल्या मयतांच्या नावाने फातिहा देतात. सासऱ्याचं नाव घ्यायची, सासूचं घ्यायची, आपल्या आईबापाचं घ्यायची. नवऱ्याचं नाव आलं की थांबायची. जिवंत माणसाची फातिहा कशी द्यायची? साठ वर्षांहून जास्त काळ दर साली ती त्या एका नावाशी येऊन थांबत होती.

"तिने आयुष्यात माझ्याकडे एकच मागितलंन," काका म्हणाले. "बुडाला की राहिला, तेवढं बघून सांग. दुखानला कोणीतरी म्हटलं, बिन महमूदला अमेरिकेची जुनी फिल्म बघायचं काम निघालंय. मी दुसऱ्या दिवशी येऊन बसलो."

मी व्यवहारी बाई. म्हटलं, "पण काका, आता ते असते तरी नव्वदीच्या पुढे असते. तसंही..."

"मेला असणार ते तिला कळतं गो. कधी मेला ते हवंय. तेव्हा मेला, तर तिचा मेला. नंतर मेला, तर दुसऱ्या कोणाचा."

मागचा हॉर्न वाजवायला लागला तेव्हा मी गाडी काढली. उतरताना म्हणाले, सापडावा असंही वाटतं, नकोही वाटतं, खरं सांगायचं तर आता कंटाळा आलाय. आणि आभाराचं शुक्रन म्हणून निघून गेले.

त्यानंतर त्यांचे फोन मला ऐकू यायला लागले. म्हणजे आधीही यायचे, पण आता अर्थ लागायचा. दर गुरुवारी जेवणानंतर आईचा व्हिडिओ कॉल. चुलत पुतणी फोन धरायची आणि पडद्यावर म्हातारीचं अर्धं कपाळ दिसायचं. पहिलं वाक्य ठरलेलं. "काय रे इसाक, दिसला काय?" जसं काही नवरा बाजाराला गेलाय आणि पोरगा नाक्यावर उभा आहे.

"नाय आय, अजून नाय."

"बघ हां नीट. डाव्या हाताची करंगळी नाय त्याला. दोरात गेली."

"ठाऊक हाय गो आय."

काकांकडे बापाचा एकच फोटो होता, खलाशाच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा. बाकी बाप म्हणजे आईने सांगितलेली करंगळी.

दोन हिवाळ्यांपूर्वी ते रीळ आलं. न्यूयॉर्कच्या गोदी कामगारांच्या एका संपाचं. डब्यावर साल स्पष्ट होतं, बोट सुटल्यानंतरचा तिसरा हिवाळा. मी ते काकांकडे पाठवलं. संध्याकाळी लॉग परत आला, सव्वीस ओळी, नेहमीसारख्या स्वच्छ. दुसऱ्या दिवशी मी तपासायला घेतला. तेरा ओळींपर्यंत बरोबर खुणा करत गेले. चौदावी ओळ होती, 'चर्चचा हॉल. पाच गोदी कामगार, टोप्या घातलेले, कॉफी पितात.'

मी तुकडा चालवला. बाकड्यावर पाच माणसं. बाकड्याच्या टोकाला, उभा, सहावा.

पहिल्यांदा वाटलं, काकांना मोतीबिंदू झाला. मग त्या सहाव्याने कपातली कॉफी बशीत ओतली. मी खुर्चीत पुढे सरकले. त्याने बशी दोन्ही हातांनी उचलली, फुंकर मारली आणि भुरका घेतला. आवाज नव्हता, पण बाकड्यावरचे दोघे हसून त्याच्याकडे बघायला लागले, म्हणजे भुरका वाजला असणार. बशीतून पिणारे जगात आपण एकटेच नाही, मला कळतं. कोणीही असू शकेल. मग बशी जरा कलली आणि डावा हात दिसला. चार बोटं. शेजारी एप्रन घातलेली एक बाई होती, तिच्या कडेवर वर्ष-दीड वर्षाची मुलगी. मुलीने वाकून तोंड पुढे केलं. त्याने तिच्यापुढे बशी धरली आणि ती प्यायली. पहिल्यांदा पीत असल्यासारखी नाही प्यायली. रोजची सवय असल्यासारखी प्यायली. तो हसला. तुकडा संपला. सगळे मिळून नऊ सेकंद.

मी ते सात-आठ वेळा बघितलं. मग उठून काकांच्या टेबलाशी गेले.

"काका, चौदाव्या ओळीत पाच लिहिलंत."

"पाचच हायत."

"सहा आहेत."

त्यांच्यासमोर चहा बशीत ओतलेला होता. त्यावर साय धरल्यासारखा पातळ पापुद्रा आला होता, म्हणजे बराच वेळ तसाच होता. "बस गो," म्हणाले.

मी बसले. खरं सांगते, मला वाईट वाटायच्या आधी राग आला होता. ज्या माणसाने मला एका रुमालावरून तास तास ऐकवलं, तो अख्खा माणूस गाळतो. बाई गाळतो, मूल गाळतो. आणि ते माझ्याकडे पाठवतो, मी सही करावी म्हणून.

"काल रात्री आयला सांगितलं," काका म्हणाले. "सगळी रिळं बघून संपली. कुठं नाय. गोदीतच बुडाला असणार."

"आणि?"

"काय नाय. मग म्हणाली, बरं झालं. आणि पुतणीला म्हणाली, साबण आण. पुतणीने फोन खाली ठेवलान, तो चालूच होता. मला छपराची कौलं दिसत होती. बांगड्या काढत होती बहुतेक. हात सुजलेत ना, निघत नव्हत्या."

मनात होतं ते मी बोलून टाकलं. "काका, त्या कडेवरच्या मुलीचंही कोणी असेल. ती स्वतः असेल. ओहायोच्या बाईसारखी शोधत असेल. तुम्ही तो मेल ठेवलाय ड्रॉवरमध्ये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठ वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं, तेव्हाही पूर्ण रागावलेले नव्हते, दमलेले होते. "शोधू दे गो," म्हणाले. "त्यांच्याकडे तो होता."

मी परत जागेवर आले आणि चौदाव्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. नियमाप्रमाणे ती लबाडी होती. मी केली.

त्या महिन्यातच शब्बे-बरात आली. काकांनी मला पुतणीने पाठवलेला फोटो दाखवला. ताटात हलव्याच्या वड्या, उदबत्ती, आणि ताटाच्या कडेला टेकलेला म्हातारीचा मोकळा हात. मनगटावर बांगड्यांच्या जागी फिक्कट पट्टा होता. "सगळी नावं घेतलीन," काका म्हणाले, "या साली थांबली नाय." फोन खिशात ठेवला आणि भिंग काढून पुढचं रीळ घेतलं. पण त्यानंतर त्यांच्या लॉगमध्ये जीव राहिला नाही. चूक कुठे नसायची, फक्त टोप्यांचे रंग लिहिणं त्यांनी सोडून दिलं.

उन्हाळ्यात ऑफिसने लिहिणाऱ्या चौघांनाही निरोप दिला. आता मशीन लिहितं, मी हो किंवा नाही म्हणते. काकांनी शेवटच्या दिवशी कप-बशी धुऊन वर्तमानपत्रात गुंडाळली, ड्रॉवरमधला मेल खिशात घातला. मॅनेजर म्हणाला, यल्ला, चला, आता आराम करा. काका म्हणाले, इन्शाल्ला. दाराशी जाऊन परत आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. "तेवढा एकदा लाव," म्हणाले. मी न विचारता तो तुकडा लावला. नऊ सेकंद ते उभ्यानेच बघत होते. संपल्यावर म्हणाले, "पोर कशी सवयीने पिते बघ. मला कधी पाजलान नाय त्याने." मग म्हणाले, "बंद कर," आणि गेले. मला वाटलं होतं, हे त्यांचं शेवटचं दर्शन.

म्हातारी या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गेली. काकांनी दोन शब्दांचा मेसेज केला, 'आय गेली.' मी फोन केला, थोडं बोललो. रिळाचा विषय कोणीच काढला नाही.

आणि गेल्या गुरुवारी मशीन जुने लॉग तपासायला बसलं. त्याला दयामाया नसते. चौदावी ओळ लाल करून माझ्यापुढे टाकली. लिहिलेले पुरुष पाच, मोजलेले सहा. दुरुस्त करायचं का? हो, नाही. तिकडच्या लोकांना रविवारपर्यंत उत्तर हवं होतं. नाही म्हणणं एका बोटाचं काम होतं. मी दोन वर्षांपूर्वी तेच केलं होतं. पण शुक्रवारी सकाळपासून मला ती कडेवरची पोर दिसत राहिली, आता सत्तरीकडे झुकलेली, कुठल्यातरी गावात स्क्रीनसमोर बसून 'गोदी, संप, बशी' असं काहीतरी टाइप करणारी.

जुम्म्याच्या नमाजानंतर मी काकांना व्हिडिओ कॉल लावला. ते ओटीवर बसले होते. दाढी वाढलेली, बनियन, मागे ओली माडाची झावळं. निळ्या काठाची बशी हातात होती.

"काका, चौदावी ओळ परत आली. मशीनने पकडली."

"हुशार हाय मशीन," म्हणाले. फुंकर मारली, प्यायले नाहीत. "किती म्हणतं?"

"सहा."

त्यांनी बशी ओटीवर ठेवली.

"आय गेली तेव्हा तिच्या तोंडात त्याचं नाव होतं," काका म्हणाले. "तिचा होऊन मेला तो. तिचं काम खलास झालं. आता सहा लिही."

"नक्की?"

"अगो, ती पोर माझी बहीण असेल तर म्हातारी झाली असेल. मी साठ वर्षं बघत बसलो, मला ठाऊक हाय कसं असतं ते. तिला सापडू दे."

मी विचारलं, "नाव लिहू? तुमच्या वडिलांचं?"

आता ते जरासे हसले. त्या दाढीत नीटसं दिसलं नाही, पण हसले. "पुरावे किती? एक करंगळी आणि एक बशी. मी आठ वर्षं तुला काय शिकवलं? जेवढं दिसतं तेवढं लिही गो."

मग त्यांनी बशी दोन्ही हातांनी उचलली, फुंकर मारली आणि भुरका घेतला. तो आवाज मी फोनवरही ओळखला. फोन कोणीतरी बाजूला ठेवला आणि मला त्यांच्या छपराची कौलं दिसायला लागली.

रविवारी, म्हणजे इकडच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी मी ऑफिसला गेले. खाली परोटे लाटायला सुरुवात झाली होती. मशीनने स्वतःची दुरुस्ती सुचवली होती, नुसता आकडा बदललेला. ती मी पुसली आणि ओळ हाताने लिहिली, काकांनी लिहिली असती तशी.

'चौदा. चर्चचा हॉल. सहा गोदी कामगार, टोप्या करड्या, एक काळी. सहावा उभा आहे, डाव्या हाताला करंगळी नाही, बशीतून कॉफी पितो. एप्रन घातलेल्या बाईच्या कडेवरची लहान मुलगी त्याच्या हातातल्या बशीतून पिते. माणूस अनोळखी.'